काळा टाका

दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात काळ्या पडून बसल्या होत्या, तेवढ्यात ऊसतोडीचा ट्रक बंजाऱ्यांच्या तांड्यावर येऊन उभा राहिला. दरवर्षी त्याचा हॉर्न ऐकला की निता भांडी बांधायला आत पळायची. या वर्षी मात्र ती दारात कमरेवर हात ठेवून अशी उभी होती, जसा काही ट्रक तिनंच बोलावला आणि आता तिनंच परत पाठवायचा होता.

"दौलतसिंग!" मुकादम गोविंदसिंगनं केबिनमधून मान काढली. "भांडेकुंडे टाकतं का नाई गाडीत?"

निताचा बाप दौलतसिंग बाजेवर बसून बिडी ओढत होता. त्यानं उत्तर द्यायच्या आधी नितानंच दिलं. "आमी नाई येत या वर्षी, मामा. आमी विमानाचं काम करतो."

ट्रकमध्ये आधीच चढून बसलेल्या बाया-माणसांत असा हशा पिकला की दोन कोंबड्या गाडीखालून फडफडत पळाल्या.

"विमानाचं!" गोविंदसिंग म्हणाला. "मंग उडत येजो बाप्पा फडात! जागा ठेवतो तुमच्या कोयत्याची. संक्रांतीनंतर एक फेरी मारतोच मी."

"नका ठेवू," निता म्हणाली.

धूळ उडवत ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत निता तिथंच उभी होती. सहावीपासून ती या ट्रकात बसत आली होती. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष फड. उसाच्या पाचटानं गालावर बारीक चरे पडायचे, आणि परत आली की वर्गातल्या मुली विचारायच्या, "मांजर पाळली का वं?" अशीच रडतखडत बारावी झाली. आता अठरावं लागलं होतं, आणि तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की धरली होती: या ट्रकात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

असं ठरवायला तिला जागा दिली होती अमरदीपनं. अमरदीप याच तांड्याचा पोरगा. पुण्यात इंजिनियर झाला, तिथंच एका कंपनीत राहिला, आणि गेल्या वर्षी परत येऊन मंगरूळपीर-कारंजा रस्त्यावरच्या जुन्या कापसाच्या गोदामात त्यानं आपलं युनिट टाकलं. काय बनवतोस म्हणून तांड्यानं विचारलं, तर तो तापपट्टी आणि गरम नळी असं काहीतरी बोलला. कोणाच्या डोक्यात उजेड पडेना. शेवटी त्यानं खोबरेल तेलाचा डबा मागवला.

"हिवाळ्यात हे तेल थिजते का नाई? मंग आपण डबा उन्हात ठेवतो. कारखान्यातल्या पाइपाले कोण उन्हात ठेवन? म्हून त्याले ही पट्टी गुंडाळाची. आत केसासारखी तार, वरतून काचेच्या धाग्याचं विणकाम. वीज सोडली का तार तापते, अन् आतला माल वाह्यता राह्यते."

"अन् विमानाचं काय?" कोणीतरी विचारलंच.

"विमानाचे, यानाचे भाग चिकटवाले एक गोंद लागते. थे थंड झालं का दगड. थे गरम नळीतून न्या लागते. आपली नळी."

मग काय, तांड्याच्या सहासात बाया आणि खालच्या गावातल्या दोनतीन पोरी कामाला लागल्या. अमरदीपला त्यांचे हात हवे होते. आधी आतली नळी, तिच्यावर पट्टीचे वेढे, दोन वेढ्यांत बोटभर अंतर राखून, कारण पट्टीवर पट्टी चढली की स्वतःच्याच तापानं जळते. त्यावर काचेची लोकर, आणि सगळ्यात वरून काचेच्या कापडाचं आवरण, हातानं शिवलेलं. या आवरणाला इंग्रजी नाव होतं, पण बाया त्याला झबलं म्हणायच्या. झबलं शिवण्यात ललिताबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ललिताबाई म्हणजे निताची याडी, आई. तिच्या आजीनं आरसे-कवड्या लावून फेटिये, म्हणजे घागरे, भरले होते, तिच्या आईनं भरले, आणि आता ती काचेच्या कापडावर तसलाच बारीक टाका घालत होती. बोटं खाजून लाल व्हायची. रात्री ती हाताला तेल चोळायची आणि म्हणायची, "उसापरीस बरं. ऊस बोट तोडते, हे खाजवून सोडते."

निताचं काम शेवटचं. तयार नळी टेबलावर आडवी ठेवायची, वीज जोडायची, ताप चढू द्यायचा आणि बघत बसायचं. पुरा ताप चढून काही जळलं नाही, वास आला नाही, तर नळी पास. वेढे घालायला रत्नमाला होती. ती खालच्या गावातली, विहाराजवळ राहणारी, बाप शेषराव एसटीत कंडक्टर होऊन रिटायर झालेला. दोघी एकाच वर्गातल्या. मांजर पाळली का, असं निताला कधीच न विचारणारी वर्गात एकच मुलगी होती, ती ही. निता फडावरून परतली की हिच्या वह्या उतरवून घ्यायची.

"हैदराबादले एकच जण पाठवणार आहेत शिकाले," रत्नमाला वेढे घालता घालता म्हणायची. "तू गेली तं मले बिर्याणी आणजो."

"अन् तू गेली तं?"

"तं मी थी वाटंतच खाऊन टाकन."

दोघी अशा हसायच्या की अमरदीप काचेच्या केबिनमधून वर बघायचा.

मोठी ऑर्डर हैदराबादचीच होती. यानाचे भाग बनवणारी कंपनी, तिच्या आत एक खोली, जिथं धुळीचा कणसुद्धा चालत नाही आणि माणसंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून शिरतात. त्या खोलीसाठी लांबच लांब नळी हवी होती. ती पसंत पडली तर वर्षभर काम, आणि निता आणि रत्नमालेपैकी एकीला शिकायला बोलावणं. नाही पडली, तर गोदामात पुन्हा कापूस भरावा लागेल, असं अमरदीप हसत म्हणाला होता. पण डोळे हसत नव्हते.

नळी झाली, आणि काय झाली! ललिताबाईनं शिवलेलं झबलं असं बसलं होतं की साप कात टाकून नवाच निघालाय. अमरदीपनं मोबाइलवर व्हिडिओ काढले. मंगरूळपीरहून कोणी साहेब येऊन बघून गेले. कारंज्याचे दोन व्यापारी आले. जो यायचा तो बोट फिरवून म्हणायचा, "एक टाका इकडचा तिकडे नाही हो!" अमरदीपनं तर बायांना घरातले जुने फेटिये आणि कांचळ्या, म्हणजे चोळ्या, घालून यायला सांगितलं आणि नळी मांडीवर घेऊन सगळ्यांचा फोटो काढला.

"रोजच्या साडीत काय वाईट दिसतो आमी?" रत्नमालेनं विचारलं. तिच्याकडे फेटिया नव्हता, म्हणून तिला फोटोच्या बाहेर उभं केलं होतं.

"कंपनीले आपली कला दिसली पायजे," अमरदीप म्हणाला.

त्या संध्याकाळी ललिताबाई मात्र अस्वस्थ होती. जेवताना दोनदा म्हणाली, "येवढी तारीफ बरी नाई." नितानं लक्ष दिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे हैदराबाद होतं.

दुसऱ्या दिवशी नळी तपासायची होती. नितानं वीज जोडली, काटा अर्ध्यावर आला नसेल तोच अमरदीप धावत आला. "बस, पुरे. गाडी दारात उभी आहे."

"दादा, पुरा ताप व्हायचा आहे अजून."

"तुया मायच्या टाक्यावर तुयाच भरोसा नाई का?" तो म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

नितानं वायरी काढल्या. खरं सांगायचं तर तिलाही घाई होतीच. नळी गेली की हैदराबाद जवळ येणार होतं.

संक्रांत झाली आणि नळी परत आली.

त्या दिवशी ललिताबाई मानोऱ्याकडे भाचीच्या लग्नाला गेली होती. अमरदीपनं सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. त्याचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. त्यानं झबल्याची शिवण उसवून आतली बाजू वर केली. पांढऱ्याशुभ्र काचेच्या कापडावर, अगदी टोकाला, जिथं लोकर संपून कापड पट्टीलाच टेकतं तिथं, एक जळका काळा डाग होता आणि त्याच्याभोवती पिवळी झाक.

"सुती धागा," अमरदीप म्हणाला. "कोणीतरी आतून सुती धागा मारला. पुरा ताप चढला अन् थो जळला. धूर झाला. त्या खोलीत धूर! सगळं काम बंद पडलं त्यायचं. सोमवारी त्यायची मॅडम इथं येऊन राह्यली. मले फक्त येवढं सांगा, कोणी केलं?"

निता डागाकडे वाकली, आणि तिच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. जळलं होतं तरी आकार कळत होता. एक बारीक फुली, आणि फुलीच्या मध्ये गाठ मारून केलेला ठिपका. तिच्या पाळण्यातल्या गोधडीच्या कोपऱ्याला हीच फुली होती. शाळेच्या पहिल्या दप्तराला आतून हीच होती. नवं, देखणं, सगळ्यांच्या नजरेत भरणारं काही घरात आलं की याडी काळ्या धाग्यानं हीच फुली घालायची, कोणाला दिसणार नाही अशा जागी.

झबलं घातलं की लेकरू झालं. आणि लेकराला तीट लावायला कोणती आई विसरते?

तिनं मान वर केली. अमरदीप तिच्याकडेच बघत होता. मग त्यानं नजर काढून घेतली.

"वेढे झाल्यावर झबलं चढवताना शेवटी रत्नमालाचा हात होता," तो म्हणाला.

"माया?" रत्नमाला म्हणाली. आधी ती हसलीच, गंमत वाटून. "भाऊ, आमच्या घरी पायात काळा धागा बांधत नाई कोणी. नळीले कायले बांधू?"

"धागा कायले बांधला थे तुले मालूम. उद्यापासून येऊ नको."

रत्नमालेनं एकेका बाईकडे बघितलं. बाया जमिनीकडे बघत होत्या. त्यांनीही ती फुली ओळखली होती. त्यांच्या घरातल्या गोधड्यांनाही होतीच की! शेवटी तिनं निताकडे बघितलं.

"निते, सांग ना वं तू."

बोलली असती तर याडीचं नाव घ्यावं लागलं असतं. याडीचं काम गेलं असतं, तिचं गेलं असतं, आणि तो ट्रक... तिला पाचटाचा वास आला. खरोखर आला, इतका की तिनं गालावरून हात फिरवला.

"मले... मले नाई मालूम," ती म्हणाली.

रत्नमालेनं टेबलावरची आपली कात्री उचलली, रुमालात गुंडाळली आणि गेली. ती कात्री तिची स्वतःची होती.

सुट्टी झाल्यावर निता केबिनच्या दारात उभी राहिली. "दादा, थो टाका रत्नाचा नाई."

"बस," अमरदीप म्हणाला. ती उभीच राहिली, तेव्हा त्यानं खुर्ची मागे ढकलली. "मले काय आंधळा समजतं? पुण्याले कॉलेजात गेलो तवा माया मायनं बॅगेले आतून थेच घातलं होतं. होस्टेलच्या पोट्ट्यायनं भल्ली खेचली होती मायी."

"मंग रत्नाचं नाव काहून घेतलं?"

"कोणाचं तरी घ्या लागते. तुया मायचं घेतलं तं उद्या सारा तांडा माया दारात. मायी माय मले जेवाले वाढणार नाई." त्यानं आवाज खाली आणला. "रत्नमालाच्या बापाले पेन्शन आहे. थ्या काही उपाशी मरत नाई. अन् तिच्यासाठी इथं कोणी भांडालेही येत नाई."

निताला त्याचं शेवटचं वाक्य ऐकू आलं आणि समजलंही. समजलं याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"अर्धाच ताप दिला होता आपण," ती म्हणाली. "पुरा दिला असता तं टाका इथंच जळला असता. इथंच दिसला असता."

"हे मॅडमसमोर बोलशीन तं युनिट बंद. गप राह्यशीन तं हैदराबादले तूच जाशीन. आता तं दुसरी कोणी उरलीच नाई." तो हसला. "विचार कर."

नितानं विचार केला. लग्नाहून आलेल्या याडीनं पिशवीतून बुंदीचे लाडू काढून तिच्या हातावर ठेवले, तेव्हाही ती विचारच करत होती. याडीला काही सांगायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं. सांगितलं असतं तर याडी चप्पल न घालता रत्नमालेच्या घरी धावली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

"रत्ना काहून येऊन नाई राह्यली?" ललिताबाईनं विचारलं.

"बिमार आहे," निता म्हणाली, आणि लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

सोमवारी मॅडम आल्या. उंच, केस कापलेल्या, हिंदी बोलणाऱ्या. अमरदीपनं बायांना पुन्हा फेटिये घालून रांगेत उभं केलं होतं. हार झाला, चहा झाला. मग मॅडमनी ते उसवलेलं झबलं टेबलावर पसरलं आणि बोट डागावर ठेवलं.

"यह क्या है, मैं बस यही समझना चाहती हूँ."

अमरदीपनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कवड्यांचा खळखळाट झाला. ललिताबाई रांग मोडून पुढे आली होती. सासरहून परत आलेल्या लेकीला बघावं तशी ती त्या कापडावर वाकली.

"अवो, हे तं मायं!" ती म्हणाली. चेहरा उजळला होता तिचा. "जळला वाटते बिचारा. पण जळला म्हंजे कामी आला! जो येये थो तारीफ करे, म्या म्हटलं येवढ्या लोकायची नजर लागन अन् यान पडन खाली. म्हून सकाळी सगळ्यायच्या आधी येऊन, टोकाची शिवण उसवून म्याच घातला. झबल्याले तीट नाई लावाची का?"

मॅडमनी अमरदीपकडे बघितलं. "क्या कह रही हैं?"

"कह रही हैं," अमरदीप म्हणाला, "कि बहुत ध्यान से काम किया है. आगे और ध्यान रखेंगी."

मॅडम काही मूर्ख नव्हत्या. एवढ्या लांब बोलण्याचं एवढं छोटं भाषांतर होत नाही, हे कोणालाही कळतं. त्यांनी रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीकडे बघितलं.

"तुम बताओ. यही कहा इन्होंने?"

अमरदीप निताकडे बघत होता. हैदराबाद बघत होतं. ट्रकसुद्धा बघत होता. आणि समोर याडी उभी होती, कौतुकाची वाट बघत, आपण काय केलं ते कळल्यावर आता शाबासकी मिळणार म्हणून.

"नहीं," निता म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला, पण एकदा निघाला तो थांबेना. "उन्होंने नज़र से बचाने के लिए काला टाँका डाला. हमारे यहाँ डालते हैं. सूती था, इसलिए जला. और यहाँ टेस्ट में नहीं दिखा, क्योंकि हमने पूरा ताप दिया ही नहीं था. आधा दिया था. और रत्नमाला ने कुछ नहीं किया. उसको झूठ निकाला."

बोलून झाल्यावर तिला छातीवरचा दगड उतरल्यासारखं हलकं वाटलं. आता मॅडम रत्नमालेला बोलावतील, अमरदीपला झापतील, सगळं नीट होईल.

मॅडमनी भुवया वर केल्या. "रत्नमाला कौन?"

"वही... जिसको निकाला. आपके लिए."

"हमें तो इतना ही लिखा था कि एक वर्कर को हटा दिया है," मॅडम म्हणाल्या. "नाम तो किसीने पूछा नहीं."

मग त्या ललिताबाईकडे वळल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, खोटं कशाला बोलावं. "नज़र का टाँका! रॉकेट के लिए! कितनी प्यारी बात है." त्यांनी ललिताबाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. अमरदीपलाच काढायला लावला. ललिताबाई झबलं छातीशी धरून हसली. जाताना मॅडम अमरदीपला हळू आवाजात म्हणाल्या की टेस्ट झालीच नाही तर माल कसा घेणार, हातशिलाई तर नकोच आता. मशीन लावलं तर वर्षभरानं बघू.

गाडी गेली. ललिताबाई अजून हसत होती.

"काय म्हणे वं थी?"

नितानं सांगितलं. सगळंच सांगितलं, रत्नमालेचंही. ललिताबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागून माणूस निघून गेलं. ती फेटियासकट खाली बसली, तिच्या आरशांत गोदामाचं पत्र्याचं छप्पर तुकडे तुकडे होऊन दिसत होतं.

"रत्नाले माया पापानं काढलं," ती म्हणाली, "अन् तू मले लाडू खात सांगतं का थी बिमार आहे?"

संध्याकाळी दोघी खालच्या गावात गेल्या. शेषराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी "या" म्हटलं, पण उठले नाहीत. रत्नमाला आतून आली. ललिताबाईनं तिच्यापुढे पदर पसरला. रत्नमालेनं तो दोन्ही हातांनी धरून खाली घेतला.

"काकू, तुमी असं नका करू. तुमाले मालूम नव्हतं."

मग ती निताकडे वळली.

"आज म्या सगळं सांगितलं, रत्ने," निता घाईघाईनं म्हणाली. "मॅडमसमोर. दादासमोर. सगळ्यायसमोर. तुयं नाव घेऊन सांगितलं. ऑर्डरही गेली."

"मी होती का तथी?"

"नाई, पण..."

"मी होती तवा सांगाचं होतं," रत्नमाला म्हणाली. ना रडली, ना ओरडली. शाळेत गणित चुकलं की दाखवायची तसंच शांतपणे तिनं ते दाखवून दिलं. "आता तूही रिकामी झाली तवा तुले मी आठोली. चहा घेता का, काकू?"

चहा झाला. तो निताला आयुष्यात सगळ्यात कडू लागला, आणि साखर तर बरोबर होती.

चारपाच दिवसांत गोदामाला कुलूप लागलं. अमरदीप मशीन बघायला पुण्याला गेला. आणि गोविंदसिंगनं शब्द पाळला. मागे राहिलेल्या जोड्या न्यायला तो संक्रांतीनंतरची फेरी मारत आला. या वेळी तो हसला नाही, ही त्याची मेहेरबानी. दौलतसिंगनं भांडी चढवली, ललिताबाईनं गोधड्या चढवल्या. नितानं चाकावर पाय ठेवला, बापानं वरून हात दिला, आणि ती आत गेली. जागा ठेवलेलीच होती.

रिसोडच्या अलीकडे ट्रक पाण्यासाठी थांबला, तेव्हा नितानं मोबाइल काढला. रेंज होती. अमरदीपच्या युनिटचं नवं पान समोर आलं आणि सगळ्यात वर याडीचा फोटो. फेटिया, आरसे, छातीशी झबलं, आणि ते हसू. मॅडम कापून टाकल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'परंपरेचे हात, अंतराळापर्यंत.' शेकडो लोकांनी अंगठे दिले होते, बदाम दिले होते.

"काय पाह्यतं?" ललिताबाईनं विचारलं. त्या दिवसापासून ती निताशी फार बोलत नव्हती.

नितानं मोबाइल तिच्यापुढे धरला. ललिताबाई डोळे बारीक करून त्यावर वाकली.

"बरी दिसतो का मी?"

"हाव, याडी."

"किती लोकायनं पाह्यलं?"

"लय."

ललिताबाईचा चेहरा गंभीर झाला. तिनं इकडेतिकडे धागा शोधला, पण शिवणाची पिशवी गोधड्यांच्या तळाशी गेली होती. मग तिनं बोट डोळ्याच्या कडेला लावलं, काजळ घेतलं, आणि मोबाइलच्या काचेवर, आपल्याच गालावर, एक काळा ठिपका टेकवला. समाधानानं मागे रेलली आणि डोळे मिटून घेतले.

ट्रक सुरू झाला. धक्का बसला तसा निताचा अंगठा सरकला आणि फोटो वर निघून गेला. ठिपका मात्र काचेवर होता तिथंच राहिला. खालून दुसरा फोटो आला: पुण्याच्या कुठल्याशा दुकानात, हार घातलेल्या कोऱ्या शिवणयंत्राशेजारी अमरदीप उभा. याडीच्या काजळाचा ठिपका बरोबर त्या यंत्रावर येऊन बसला होता, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून.

नितानं बाहीनं काच पुसली. गेला नाही, फक्त पसरला. तिनं पुन्हा पुसली, आणि पुन्हा, ट्रक उसाच्या दिशेनं धावत असताना.